तीनशे बारा अक्षरं

तुकडा १

“शिवण, आवृत्ती नववी. मदत खाली आहे. तुम्ही ती वाचणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते.”

मदतीचं पान असं सुरू व्हायचं. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि सगळ्यांत वर मावशीचा टोमणा. बाहेरचे पाहुणे ते वाचून हसायचे आणि विचारायचे, हे खरंच तुमचं कामाचं सॉफ्टवेअर आहे? आम्ही म्हणायचो, खरंच. आणि त्याच्याशिवाय ह्या इमारतीत पान हलत नाही.

इमारत तीन मजली. वरच्या दोन मजल्यांवर आम्ही. कुणी गहू वाचतो, कुणी मासे, कुणी जंतू. वाचतो म्हणजे, प्रत्येक जिवाच्या पेशीत चार अक्षरांचं जे लांबलचक लिखाण असतं, ज्यावरून तो जीव घडतो, ते वाचतो. ते सलग नसतं, वेगवेगळ्या दोऱ्यांत विभागलेलं असतं. तळमजल्यावर चौसष्ट संगणक, लोखंडी कपाटांत एकावर एक रचलेले आणि एकमेकांना जोडलेले. त्या सगळ्यांना मिळून क्लस्टर म्हणायचं. तिथे इतकी थंडी की दाराशी दोन स्वेटर कायम टांगलेले, आणि इतकी घरघर की बोलायचं तर कानाशी जाऊन. त्या चौसष्टांकडून काम करून घ्यायचं तर रांगेत नाव लावायचं. रांग मावशीच्या हातात. म्हणून ती रांगमावशी.

वय शेहेचाळीस. हुद्दा तंत्र सहायक, श्रेणी दोन. आमच्यातला सर्वांत ज्येष्ठ संशोधक गहूवाला. त्याला निवृत्त व्हायला दोन वर्षं होती, आणि तोही तिला मावशीच म्हणायचा. ती त्याला काका म्हणायची. कोण कुणापेक्षा मोठं, हा विचार दोघांनी केव्हाच सोडून दिला होता.

शिवण तिने बारा वर्षांपूर्वी लिहिली. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा एकेक लिखाण वाचायला एका संगणकाला अकरा दिवस लागायचे, आणि दहाव्या दिवशी वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तिने लिखाणाचे तुकडे केले, एकेक तुकडा एकेका संगणकाला दिला, सगळ्यांचं वाचून झाल्यावर उत्तरं पुन्हा जोडली. अकरा दिवसांचं काम सकाळी लावलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हातात. ऐकायला सोपं आहे. कापणं सोपंच असतं. गोम आहे ती जोडण्यात. आपल्याला हवी ती गोष्ट नेमकी कापल्या जागी असली, तर अर्धी ह्या तुकड्यात जाते आणि अर्धी त्या, आणि दोघांनाही ती दिसत नाही. मावशीची आई शिवणकाम शिकवायची. तिच्याकडून मावशीने उचललं ते असं, की कापताना नेमकं कापायचं नाही, शिलाईसाठी माया सोडायची. म्हणून शिवण प्रत्येक तुकड्याला पुढच्या तुकड्यातली पाचशे अक्षरं जास्तीची देते. जोडताना ती जास्तीची छाटून टाकते.

आणि काही चुकलं की बोलते.

“फाइल अर्धीच आली आहे. उरलेली कुणाच्या घरी ठेवलीस?”

“डिस्क भरली. आधी मागच्या वर्षीचा पसारा आवर, मग बोलू.”

“नऊशे तुकडे? भाजी चिरतोयस का?”

आम्हाला ह्याची इतकी सवय झाली होती, की दुसरीकडे कामाला गेलेले आमचे लोक पत्रात लिहायचे, इथलं सॉफ्टवेअर फार सभ्य आहे, कुठे चुकलं तेच कळत नाही.

बारा वर्षं हे सगळं ह्या तीन मजल्यांतच चाललं. आमच्या निबंधांत शेवटी आभार असायचे, बारीक अक्षरांत. शिवण मागायला बाहेरून कुणी आलं नव्हतं.

तुकडा २

शिवण मागायला बाहेरून कुणी आलं नव्हतं. मग डॉक्टरीणबाई आल्या.

मुलांच्या मोठ्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. पायात पांढरे कापडी बूट, चष्मा कपाळावर. आल्या त्या सरळ तळमजल्यावर, आमच्या संस्थाप्रमुख साहेबांच्या केबिनला न विचारता. जन्मतःच आजारी असलेल्या मुलांच्या रक्तातलं हे लिखाण वाचून दोष कुठे आहे ते शोधायचं, असं काम त्यांना सुरू करायचं होतं. त्यासाठी एक प्रोग्राम निवडायचा होता. तीन विकतचे होते. चौथा म्हणून त्यांनी शिवणचं नाव ऐकलं होतं.

“कुणाकडून ऐकलंत?” मावशीने विचारलं.

“तुमच्याकडून गेलेला एक मुलगा आहे आमच्याकडे. रोज म्हणतो, हा प्रोग्राम ओरडत नाही, मला भरवसा वाटत नाही.”

नियम त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले. वीस मुलांची लिखाणं देऊ. त्यांत दोष काय आहे ते आम्हाला माहीत आहे, तुम्हाला नाही. इस्पितळात सदतीस संगणक आहेत, म्हणून लिखाण सदतीस संगणकांवरच वाचायचं. बुधवारी सकाळी उत्तरं द्या. सोमवारी निवड. आणि एक, उत्तरं दिल्यावर प्रोग्रामला हात लावायचा नाही. एक ओळ बदलली तरी बाद. पुढची निवड तीन वर्षांनी.

जाताना त्यांनी रिपोर्टचा नमुना दाखवला. मुलाची माहिती, दोषाची जागा, डॉक्टरांची सही. आणि सगळ्यांत खाली एक ओळ: “वाचन:” आणि पुढे रिकामी जागा.

“इथे प्रोग्रामचं नाव येतं,” त्या म्हणाल्या. “आणि करणाऱ्याचं.”

मावशीने तो कागद दोन्ही हातांनी धरला. आम्ही तिला बारा वर्षं ओळखत होतो. बढतीच्या यादीतून तिचं नाव दोनदा गळलं, तेव्हा ती हसली होती. एका परिषदेत साहेबांनी शिवण आपलीच असल्यासारखी दाखवली, तेव्हाही ती हसली होती. आता हसत नव्हती. तिला ते हवं होतं. त्या एका ओळीत आपलं नाव तिला इतकं हवं होतं, की तिला ते लपवता येईना, आणि आम्हाला बघवेना.

सोमवारी लिखाणं आली, मंगळवारी सदतीस संगणक त्यांच्यामागे लागले. आम्ही आमची सगळी कामं रांगेतून काढून घेतली. मासेवाली तर दिवसातून सहा वेळा खाली. मासेवाली म्हणजे आमच्यातली सर्वांत फटकळ, तळ्यातल्या एका आंधळ्या माशावर काम करणारी. “मावशी, काही लागलं तर सांगा हं.” “लागलं. तू वर जा.” बुधवारी सकाळी उत्तरं गेली. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वीसपैकी वीस.

तुकडा ३

वीसपैकी वीस.

“चौघांत तुम्ही एकट्याच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुसरा एक एकोणिसावर आहे. बाकीचं सोमवारी बोलू, पण आता बोलण्यासारखं फार काही उरलेलं नाही.”

साहेब तळमजल्यावर आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. स्वेटर घालायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी कुडकुडत भाषण केलं. आपल्या संस्थेने, आपल्या परंपरेने, आपण सर्वांनी मिळून. गहूवाला मागून कानाशी पुटपुटला, “आपण सर्वांनी मिळून रांग लावली, एवढं खरं.” मासेवालीने फळ्यावर २०/२० असं एवढं मोठं लिहिलं की खालची रांगेची यादी झाकली गेली. मावशीने ते पुसलं नाही. एरवी तिच्या फळ्याला बोट लावायची कुणाची टाप नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला सगळे घरी गेले. एक काम उरलं होतं. आमच्यापैकी कुणी ते करत नसे, कारण त्याला चाळीस मिनिटं लागायची आणि उत्तर नेहमी एकच यायचं. गुरुवारी सकाळी ती मेळ घालायला बसली.

तुकडा ४

गुरुवारी सकाळी ती मेळ घालायला बसली.

मेळ हा नव्वद ओळींचा प्रोग्राम. दीड वर्षापूर्वी एकदा डिस्क बिघडून फाइल मधेच तुटली होती, तेव्हा तिने वैतागून एका दुपारी लिहिलेला. तो दोष शोधत नाही, अर्थ लावत नाही. फक्त मोजतो. आत अक्षरं किती गेली, वाचलेली म्हणून बाहेर किती आली. दोन्ही आकडे सारखे आले की “ठीक” एवढंच म्हणतो.

सव्वादहाला मासेवाली खाली गेली, तर मावशी खुर्ची मागे ढकलून बसलेली. पडद्यावर वीस ओळी. एकाही ओळीत “ठीक” नव्हतं. वीसही लिखाणांत एकच आकडा.

तीनशे बारा कमी.

तुकडा ५

तीनशे बारा कमी. तीन अब्जांत.

चूक शोधायला तिला पाऊण तास लागला. आम्ही मागे उभे होतो, सहासात जण. तिने कागदावर एक लांब पट्टा काढला, त्याचे तुकडे पाडले.

“हे बघा. मी तुकडे हजाराच्या पटीत कापते. आपल्याकडे चौसष्ट, त्यांच्याकडे सदतीस. सदतीसने कापल्यावर एका दोऱ्याला शेवटी एवढीशी शेपटी उरली. तीनशे बारा अक्षरांची. माया असते पाचशेची. म्हणजे तुकडाच मायेपेक्षा लहान.”

“मग?” गहूवाल्याने विचारलं.

“मग जोडताना आधीचा तुकडा म्हणाला, ही माझी माया, ही पुढच्याकडे आहेच, मी छाटतो. आणि शेपटी म्हणाली, मी तर सगळी मायाच आहे, आधीच्याने मला घेतलेलं असणार, मला कशाला ठेवता.”

“दोघांनी एकमेकांवर ढकललं.”

“आणि दोघंही घरी गेले. अगदी आपल्या कार्यालयासारखं.”

कुणीतरी हसलं. मावशी हसली नाही.

“पण उत्तरं बरोबर आहेत ना?” मासेवाली म्हणाली. “वीसपैकी वीस.”

“बरोबर आहेत, कारण त्या टोकाला शोधण्यासारखं काही नव्हतं.”

“आजवर तिथे कुणाला काही सापडलंय?”

“नाही.”

“मग झालं तर!”

पण झालं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. साहेबांना कुणीतरी कळवलं, ते आले, ह्या वेळी स्वेटर घालून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “हे अजून कुणाला माहीत आहे?” मावशी म्हणाली, “इथे उभे आहेत त्यांना.” साहेब म्हणाले, “मग इथेच राहू द्या.”

गहूवाला तसा माणूस नव्हता. तो शेजारची खुर्ची ओढून बसला. त्याचं म्हणणं आम्हाला पटलं, हे इथे लपवायचं कारण नाही.

“मावशी, ऐक. खोटं बोल असं कुणी म्हणत नाही. सोमवारी निवड होऊ दे. काम सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत. निवड झाल्यावर सुधारणा करायला बंदी नाही. पहिल्या सुधारणेत ही चूक काढ. एकाही मुलाचं लिखाण चुकीचं वाचलं जाणार नाही. कुणाचं काय बिघडलं?”

“कुणाचंच नाही.”

“आणि आत्ता सांगितलंस तर तू बाद. मग तो एकोणीसवाला बसणार तिथे. त्याने तर एक मूल ढळढळीत चुकवलंय. मुलांचं भलं कशात आहे, सांग.”

मावशीला उत्तर सुचत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, सुचू नये असं आम्हाला वाटत होतं. त्या रिपोर्टवर तिचं नाव यायला हवं होतं, तिच्यापेक्षाही आम्हाला. तेवढ्यात एक वाजला आणि तिच्या आईचा फोन आला.

तुकडा ६

एक वाजला आणि तिच्या आईचा फोन आला. रोज येतो. जेवलीस का, एवढंच विचारायला. आई ऐंशीच्या घरातली, ऐकायला कमी येतं, त्यामुळे मावशीला मोठ्याने बोलावं लागतं आणि दोघींचं संभाषण अख्ख्या खोलीला ऐकू जातं.

“जेवलीस?”

“नाही गं. काम चुकलंय.”

“कापलंस वाकडं?”

“वाकडं नाही. शेवटचा तुकडा मायेपेक्षा लहान निघाला, आणि जोडताना गळून गेला.”

आई फणकारली. “अगं, लहान उरलेला तुकडा वेगळा काढायचाच नसतो मुळी! आधीच्याला लागूनच ठेवायचा. पहिल्या महिन्याच्या मुलींना शिकवायचे मी हे. तू काय खिडकीबाहेर बघत होतीस?”

“बघत असेन.”

“आता काय, उसवणार?”

“उसवायला हरकत नाही. पण गिऱ्हाईकाने घालून पाहिलंय, आवडलंय. त्याला दिसलेलंच नाही.”

“मग गुपचूप घाल टाका, पुढच्या खेपेला आलं की.”

गहूवाल्याने हात पसरून आमच्याकडे पाहिलं. बघा, आईसुद्धा!

मावशी म्हणाली, “आई, ते गिऱ्हाईक घरी जाऊन दुसऱ्यांचे कपडे तपासणार आहे. माझा कपडा समोर धरून, की चांगला म्हणजे असा.”

आईने विचार केला. “असं आहे होय. मग सांगावं लागेल,” ती म्हणाली. “आधी जेव.”

फोन ठेवून मावशी गहूवाल्याकडे वळली. आता तिला उत्तर सुचलं होतं.

“काका, मी चूक दुरुस्त करीन ते ठीक. पण त्यांच्या परीक्षेचं काय? त्यांनी वीस प्रश्न विचारले, वीस उत्तरं बरोबर आली, त्यांनी धरून चाललं की सगळं वाचलं. मी गप्प बसले तर त्यांना कधीच कळणार नाही की त्यांची परीक्षा हे पकडत नाही. उद्या शिवण जाईल, दुसरं काही येईल. त्यालाही हेच वीस प्रश्न विचारतील.”

“पण तू बाद होशील.”

“होईन की.”

“तीन वर्षं.”

“मला मोजता येतं, काका.”

जेवणाचा डबा तिने उघडलाच नाही. तिने पत्र लिहायला घेतलं.

तुकडा ७

तिने पत्र लिहायला घेतलं. डॉक्टरीणबाईंना एक, आणि त्याचीच प्रत बारा वर्षांत ज्यांनी ज्यांनी शिवण वापरली होती, त्या सगळ्यांना.

“डॉक्टरीणबाई,

मी दिलेल्या वीसही उत्तरांत एका दोऱ्याच्या टोकाची ३१२ अक्षरं वाचलेली नाहीत. चूक शिवणची आहे, म्हणजे माझी. तिथे दोष नव्हता म्हणून उत्तरं बरोबर आली. वाचून बरोबर आली असं नाही.

दुरुस्ती सहा ओळींची आहे. ती केली की तुमच्या नियमाने आम्ही बाद, हे मला माहीत आहे. मी ती आज करते आहे, कारण इथे लोक शिवण रोज वापरतात.

आणखी एक. तुमच्या परीक्षेत ही चूक सापडली नाही. दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये अशी चूक असली तर तीही सापडणार नाही. त्यांना आत किती अक्षरं गेली आणि बाहेर किती आली, ते विचारा.”

खाली नाव, हुद्दा. श्रेणी दोनसकट.

पाठवताना ती थांबली नाही, वळून आमच्याकडे पाहिलं नाही. बटण दाबलं आणि मग डबा उघडला. आम्ही एकेक करून वर गेलो. साहेब दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती म्हणाली, बरंच काम झालं दोन दिवसांत.

शुक्रवारी रांगेत एकही नवीन काम लागलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. ज्याने त्याने आपापली जुनी कामं काढली, बारा वर्षांतली, आणि दुरुस्त केलेल्या शिवणमधून पुन्हा लावली. मागाहून मेळ. रांग फळ्यावर मावेना. मावशीने २०/२० पुसलं आणि तिथे लिहायला सुरुवात केली. शेकडो कामांत तीन निघाली, ज्यांत शेपटी गळली होती. दोन गव्हाची, त्यांत काही फरक पडला नाही. तिसरं मासेवालीचं. तिने चार वर्षांपूर्वी छापलं होतं की तिच्या आंधळ्या माशात डोळ्यांशी संबंधित एक भाग मुळीच नाही. तो होता. अर्धामुर्धा, मोडका, पण होता. शेपटीत.

मासेवाली म्हणाली, “मावशी, तुमच्यामुळे माझी इज्जत गेली.” आणि लगेच नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. त्यात तिने एक वाक्य घातलं, जे संपादकाने कापलं: ही चूक जिने केली तिनेच ती शोधून सांगितली, आणि आम्हाला तिचा अभिमान आहे.

सोमवारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या.

तुकडा ८ आणि ९ (शेवटचा लहान होता, म्हणून जोडून)

सोमवारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. ह्या वेळीही सरळ तळमजल्यावर. दाराशी स्वेटर घातला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“तुम्ही बाद,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला वाईट वाटतं, असं म्हणणार होते. पण वाटत नाही. मी आधी चिडले. चार रात्री आमच्या लोकांनी ती परीक्षा बसवली होती.” त्यांनी खोलीत नजर फिरवली. आम्ही सगळे काही ना काही कारण काढून तिथे उभे होतो. “मग बाकीच्या तिघांना विचारलं. आत किती, बाहेर किती. एकाने सांगितलं. दोघे म्हणाले, असं कुणी विचारत नाही.”

“विचारलं पाहिजे.”

“म्हणूनच आले. ते मोजणारं जे आहे तुमचं, ते द्या.”

मावशीला कळेना. “मेळ? तो नव्वद ओळींचा आहे हो. त्यात घेण्यासारखं काय आहे? मी तो एका दुपारी…”

“आमच्या वीस मुलांच्या परीक्षेला जे सापडलं नाही, ते त्याला सापडलं. निवड ज्याची व्हायची त्याची होऊ दे. त्याच्यामागे हा बसेल. ह्याने ठीक म्हटल्याशिवाय रिपोर्टवर सही होणार नाही.”

“चाळीस मिनिटं जास्त लागतात.”

“नऊ महिने थांबून आलेली असतात ती पोरं. चाळीस मिनिटं थांबतील.”

गहूवाला खोकला. थंडीने, असं नंतर सांगत होता.

मग खरी पंचाईत झाली. इस्पितळाच्या कार्यालयातून दोन पानी सूचना आल्या: मेळचे संदेश सौम्य असावेत, वापरणाऱ्यास अपमानास्पद वाटेल अशी भाषा नसावी. मावशीने आठवडाभर प्रयत्न केला. “कृपया नोंद घ्यावी की मोजणीत तफावत आढळून येत आहे.” मासेवाली म्हणाली, “हे वाचून कुणी थांबणार नाही, मावशी. झोपेल.” गहूवाल्याने सुचवलं, “सावधान!” मावशी म्हणाली, कवायत आहे का? साहेबांनीही एक सुचवून पाहिलं, त्यात संस्थेचं नाव दोनदा होतं. शेवटी तिने एकटीने बसून लिहिलं ते असं:

“थांबा. हा रिपोर्ट देऊ नका. इतकी अक्षरं वाचायची राहिली आहेत. पुन्हा लावा. बाहेर आईवडील असतील तर त्यांना सांगा, आजाराबद्दल अजून काही कळलेलं नाही, मोजणी चालू आहे. आणि त्यांना बसायला खुर्ची द्या.”

कार्यालयाने खुर्चीच्या वाक्यावर लाल रेघ मारली. डॉक्टरीणबाईंनी ती रेघ खोडली.

तो एकोणीसवालाच तिथे बसला, ते आमच्या अंदाजाप्रमाणे. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत त्याचं नाव येतं. त्याच्याखाली आता आणखी एक ओळ असते: “मोजणी: मेळ”, आणि पुढे मावशीचं नाव. ती ओळ आम्ही पाहिली तेव्हा अक्षरं इतकी बारीक होती की मासेवालीला मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करावी लागली. मोठी करून तिने ती इमारतभर फिरवली. टपाल घेऊन आलेल्या माणसालाही दाखवली. त्याने विचारलं, ह्या कोण? आम्ही पाचजण एकदम बोलायला लागलो.

सात महिने मेळ तिकडे “ठीक” म्हणत राहिला. आठव्या महिन्यात, एका सकाळी अकराच्या सुमाराला, इस्पितळातून फोन आला. तंत्रज्ञ होता, इथून गेलेला तोच मुलगा. मावशीने घरघरीमुळे फोन स्पीकरवर टाकला.

“मावशी, तुमचा मेळ थांबा म्हणाला आज.”

“किती?”

“अठरा.”

“पुन्हा लावलंस?”

“लावलं. ह्या वेळी बरोबर आलं. आमचा एक संगणक मधेच अडकला होता, त्याने शेवटचा घास गिळलाच नव्हता.”

“आणि त्या अठरांत काय निघालं?”

“काही नाही. स्वच्छ होतं. रिपोर्ट आधीचाच, अक्षरन् अक्षर तोच.”

मावशीने आमच्याकडे पाहिलं. मग जरा घुटमळून, तिच्या आवाजात कधी नसतो अशा हळू सुरात विचारलं, “मग त्या आईवडिलांना उगाच चाळीस मिनिटं बसवलं म्हणायचं?”

“उगाच कसं?” मुलगा म्हणाला. “त्या अठरांत काही नाही, हे वाचल्याशिवाय कसं कळणार?”

फोन बंद झाला. मावशी उठली, फळ्यापर्यंत गेली, रांगेतली दोन नावं उगाचच खालीवर केली, परत आली.

“ऐकलंत?” ती म्हणाली. “मला विचारतो, वाचल्याशिवाय कसं कळणार.”

“मावशी, तुम्हीच शिकवलंत त्याला.”

“मी नाही शिकवलं. मी फक्त ओरडायचे त्याच्यावर.”

त्या दिवशी तिने ते वाक्य गहूवाल्याला सांगितलं, साहेबांना सांगितलं, आणि एक वाजता फोन आला तेव्हा आईला इतक्या मोठ्याने सांगितलं की वरच्या मजल्यावर जंतूवाल्यांनी काम थांबवून ऐकलं.